वाचक विचारतात: पर्ल काहून ऐकत नाही?

मागच्या अंकात कापसाच्या काटा पावत्यांची बेरीज पर्ल नावाच्या कम्प्युटरच्या भाषेतून कशी काढायची त्यावर दोन पानं लिहिली होती, तर आता टेबलावर पत्रांचा ढीग अन मोबाइलमध्ये व्हॉट्सॲपचा ढीग, आणि निम्म्याहून जास्त लोकांचं एकच म्हणणं की भाऊ, तुम्ही लिहिलं तसंच केलं पण होऊन नाही राहिलं. या खेपेला म्हणून सगळं पान पत्रांनाच देऊन टाकलं.

सुरुवातीला एक सांगतो, आपल्या मासिकात सगळं देवनागरीतच छापते म्हणून कमांडही देवनागरीत लिहिल्या आहेत, चॉम्प, यूज स्ट्रिक्ट वगैरे, तुम्ही टाइप करताना इंग्रजीच टाका, मागच्या वेळी एकानं खरंच मराठीत टाइप करून पाहिलं होतं. आणि ही भाषा काढली लॅरी वॉल नावाच्या अमेरिकन माणसानं, डिसेंबर १९८७ मध्ये, मजकुराच्या मोठमोठ्या फायली चाळून त्यातून रिपोर्ट काढायसाठी. तिचा स्वभाव जरा जास्तच समजूतदार आहे. तुम्ही अर्धवट बोलले तरी ती आपल्या मनानं अर्थ लावते आणि पुढे चालू लागते, तोंडातून चकार शब्द काढत नाही. मुरलेल्या माणसाला हे बरं वाटते, नवख्याचं मात्र वाटोळं होते, आणि खालच्या बऱ्याच पत्रांत मूळ भानगड हीच आहे.

प्रश्न: भाऊ, मी जिनिंगमध्ये मुनीम आहो. गाववार कापूस किती आला ते काढून राहिलो. फाइलमध्ये एका ओळीत पावती नंबर, वजन आणि गाव, मधात स्वल्पविराम. प्रोग्राममध्ये लिहिलं की गाव जर वायगाव असन तर वजन मिळव. पण वायगावचं वजन काढा का अल्लीपूरचं काढा, आकडा एकच येते, अख्ख्या सीझनचा! मालक म्हणते कम्प्युटर बिघडला. (हिंगणघाट तालुका)

उत्तर: मुनीमजी, कम्प्युटर ठणठणीत आहे. तुम्ही तुलना करताना दोन बरोबरची चिन्हं टाकली आहेत, `==`. पर्लमध्ये ही खूण फक्त आकड्यांसाठी आहे. आता 'वायगाव' हा आकडा थोडीच आहे, पण पर्ल नाही म्हणत नाही, ती त्यातून आकडा काढायला जाते, काहीच सापडत नाही तर शून्य धरते. अल्लीपूरचंही शून्य. शून्य बरोबर शून्य, म्हणून प्रत्येक पावती वायगावचीच ठरली. शब्दांची तुलना करायची असली की 'ईक्यू' लिहायचं, इंग्रजी ई आणि क्यू ही दोन अक्षरं. 'नाही' म्हणायचं असेल तर आकड्यांना `!=` आणि शब्दांना 'एनई'.

पण थांबा, एवढं करून प्रोग्राम चालवला की तुमचं पुढचं पत्र येईल की आता वायगावचं वजन शून्य दाखवून राहिला. कारण गाव तुमच्या ओळीत सगळ्यात शेवटी आहे, आणि फाइलमधली ओळ वाचली की तिच्या शेपटाला एंटर चिकटलेला असते. तुम्हाला दिसते 'वायगाव', पर्लच्या हातात असते 'वायगाव आणि एंटर', मग ईक्यू कसं जुळणार. त्यासाठी ओळ वाचल्याबरोबर चॉम्प करायचं, ते शेपूट कापते.

हे डोळ्यानं पाहायचं असेल तर मी एक करतो ते करून पाहा. गावाच्या दोन्ही बाजूला चौकटी कंस लावून छापा, `[$गाव]` असं, डबल कोटमध्ये. शेवटचा कंस खालच्या ओळीवर उतरलेला दिसला तर चॉम्प विसरलात. आणि कधीकधी भलतंच दिसते, पहिला कंस गायब आणि त्याच्या जागी उलटा कंस, `]वायगाव` असं. ते दिसलं की समजायचं फाइल विंडोजच्या कम्प्युटरवर बनली आहे आणि तुम्ही ती लिनक्सवर वाचून राहिले. विंडोज ओळीच्या शेवटी एंटरच्या आधी आणखी एक अक्षर टाकते, जुन्या टाइपरायटरची गाडी मागं ओढायचो ना, तेच ते, त्याच्यानं कर्सर ओळीच्या सुरुवातीला जाते आणि शेवटचा कंस पहिल्या कंसावर छापला जाते. चॉम्प फक्त एंटर कापते, हे दुसरं तसंच राहते. मग चॉम्पच्या जागी `s/\s+$//` लिहा (तो एस इंग्रजी छोटा आणि उलट्या तिरप्या रेघेनंतरचाही एस छोटाच), शेवटची जी काही मोकळी जागा असेल ती सगळी साफ.

आता खरी गोष्ट. हे सगळं पर्लनं तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तुम्ही तिला विचारलंच नाही. प्रोग्रामच्या डोक्यावर 'यूज वॉर्निंग्ज' लिहिलं असतं तर ती बोलली असती की आर्ग्युमेंट वायगाव इजन्ट न्यूमेरिक, लाइन १४, आणि त्याच्यापुढे आणखी एक लाइन नंबर. लोक तो दुसरा नंबर वाचतच नाहीत. पहिला नंबर प्रोग्रामच्या ओळीचा असते, दुसरा तुमच्या फाइलच्या ओळीचा, म्हणजे नेमक्या कोणत्या पावतीवर अडलं ते! दोन हजार पावत्यांमधून ती एक शोधायची मेहनत वाचते.

प्रश्न: सर, मी तंत्रनिकेतनात दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोग्राम चालवला की ग्लोबल सिंबल रिक्वायर्स एक्स्प्लिसिट पॅकेज नेम अशा पंचवीस-तीस ओळी येतात. रूममेट म्हणाला यूज स्ट्रिक्टची ओळ काढून टाक बे. काढली तर सगळे एरर गेले, पण बेरीज छापतच नाही, नुसती रिकामी जागा. (यवतमाळ जिल्हा)

उत्तर: तुझा रूममेट कुत्रं भुंकते म्हणून कुत्र्यालाच गोठ्यातून हाकलणारा दिसते. चोर तसाच आत आहे ना बाप्पा!

तू प्रोग्राम पाठवला ते बरं केलं. सात नंबरच्या ओळीवर एकूणचं स्पेलिंग यू नं लिहिलं आहे आणि शेवटी छापताना डबल ओ नं. तुझ्यासाठी ते एकच, पर्लसाठी ही दोन वेगळी व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायच्या दोन वेगळ्या डब्या. स्ट्रिक्ट नसलं की ती दुसऱ्या नावाचं नवं रिकामं व्हेरिएबल गुपचूप बनवते आणि ते रिकामं छापते. स्ट्रिक्ट तेवढंच सांगत होतं की या नावाचं पोट्टं आमच्या हजेरीत नाही. 'माय' लिहून एकदा नाव नोंदवलं की ते गप्प बसते.

यात एक खड्डा आहे, त्यात तू पडणारच म्हणून आधीच सांगून ठेवतो. एरर आला की पोरं दिसेल तिथे माय लावत सुटतात. लूपच्या आत, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या भागात, माय लावलं की प्रत्येक फेरीला नवं कोरं एकूण तयार होते, त्यात एक वजन पडते आणि फेरी संपली की ते मरते. बाहेर आधीच एक एकूण नोंदवलेलं असेल तर ते शून्यच राहते, आणि याच्यावर स्ट्रिक्टही बोलत नाही अन वॉर्निंगही नाही, कारण आतल्या कंसात तेच नाव पुन्हा वापरायची पर्लमध्ये परवानगी आहे. माय लूपच्या वर, एकदाच. पंचवीस-तीस ओळींना घाबरू नको, वरून पहिली तेवढी वाच, ती दुरुस्त कर, पुन्हा चालव. बाकीच्यातल्या बहुतेक तिच्याच पिलावळी असतात. आणि एरर १२ नंबरच्या ओळीवर दाखवते पण त्या ओळीत काहीच चूक नाही असं झालं तर ११ पाहा, तिथे अर्धविराम राहिला असते. पर्लला ओळ संपली हे अर्धविरामावरून कळते, तो नाही म्हणून ती पुढच्या ओळीत शिरते आणि तिथे ठेचकाळते.

तुझ्या कॉलेजात पर्ल नवी असेल, ५.३६ किंवा वरची (ती २०२२ ची), तर 'यूज व्ही५.३६' एवढी एक ओळ टाकली की स्ट्रिक्ट आणि वॉर्निंग्ज दोन्ही आपोआप लागतात. लॅबमध्ये जुनी असेल तर दोन ओळी वेगळ्या लिही, काय बोटं झिजतात का.

प्रश्न: मित्रानं व्हॉट्सॲपवर प्रोग्राम पाठवला, जसाच्या तसा चिकटवला, तर अनरेकग्नाइज्ड कॅरेक्टर म्हणते. त्याच्याकडे चालते, माझ्याकडे काहून नाही? (आर्वी)

उत्तर: अवतरण चिन्हं पाहा. वाटेत कुठेतरी, फोनच्या कीबोर्डमध्ये नाहीतर वर्डमध्ये, सरळ अवतरणाचं वळणदार अवतरण झालं आहे. दिसायला सुंदर, पर्लला समजत नाही. पुसून आपल्या हातानं पुन्हा टाइप करा. मित्राला सांगा, पुढच्या वेळी फाइल म्हणून पाठव.

प्रश्न: दादा, मी आमच्या बचत गटाचा हिशोब ठेवते. आमच्या बायांनी मिळून १२ क्विंटल कापूस विकला, भाव ७,५२१. प्रोग्राम म्हणते ८४ रुपये! आणि सचिव ताईंनी जी फाइल मराठी आकड्यात टाइप केली तिची बेरीज तर सरळ शून्य. बाया मला विचारतात, पैसे कुठे गेले? (दारव्हा तालुका)

उत्तर: ताई, पैसे तुमच्याच खात्यात आहेत, ९०,२५२ रुपये, घाबरू नका. ७,५२१ हा २०२४-२५ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव, म्हणजे भावही तुम्हाला बरोबर मिळाला. (२०२५-२६ ला तो ८,११० झाला, ज्या सालची विक्री त्या सालचा भाव फाइलमध्ये ठेवा.)

पर्ल आकडा कसा वाचते ते सांगतो. ती डावीकडून सुरू करते, जोपर्यंत इंग्रजी आकडा दिसते तोपर्यंत जाते, आणि जिथे काही वेगळं आडवं आलं तिथेच थांबते. ७,५२१ मध्ये सातच्या पुढे स्वल्पविराम आला, झालं, आकडा सात. बारा साते चौऱ्याऐंशी. तसंच 'बारा किलो' यातला बारा इंग्रजी आकड्यात असेल तर किलो सोडून देते आणि बारा घेते, तिथे तिचा समजूतदारपणा कामी येते. म्हणून गुणाकाराच्या आधी स्वल्पविराम काढून टाकायचे, `tr/,//d` नं, ही तेवढी छोटी इंग्रजी अक्षरं छापखान्याकडून जशीच्या तशी मागून घेतली, टी, आर आणि शेवटी डी.

मराठी आकड्यांचं दुखणं जरा खोल आहे आणि यात मीही दोन दिवस घातले होते. मी आधी तपासून घेत होतो की या रकान्यात आकडेच आहेत ना, त्यासाठी पॅटर्नमध्ये (म्हणजे मजकूर जुळवून पाहायच्या साच्यात) बॅकस्लॅश डी, म्हणजे उलटी तिरपी रेघ आणि डी, वापरलं, आणि तपासणीत सगळं पास. बॅकस्लॅश डी ला देवनागरी आकडेही आकडेच वाटतात, फाइल यूटीएफ-८ (मराठी अक्षरं साठवायची पद्धत) म्हणून नीट उघडली असेल तर. पण बेरीज करायला गेलं की तिथलं खातं वेगळं, तिथे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ चालतात, १२ मराठीत लिहिला की शून्य. म्हणजे दारावरचा चौकीदार म्हणते आत जा, आणि खिडकीवरचा बाबू म्हणते हे कागद चालत नाहीत! आपल्याकडे याचं कोणाला नवल वाटायला नको.

उपाय तोच टीआर, दोन तिरप्या रेघांच्या मधात एकीकडे मराठी ०-९ आणि दुसरीकडे इंग्रजी शून्य ते नऊ, ती एकास एक बदलून देते. मात्र दोन गोष्टी केल्याशिवाय ते चालत नाही, प्रोग्रामच्या वर 'यूज यूटीएफ८' लिहायचं, म्हणजे प्रोग्राममधली मराठी अक्षरं तिला अक्षरं म्हणून कळतील, आणि फाइल उघडताना वाचायच्या `<` या खुणेला लागून `:` आणि एन्कोडिंग, कंसात यूटीएफ-८, म्हणजे फाइलमधली कळतील. एकच केलं आणि दुसरं राहिलं तर काहीच्या काही होते. हे जमलं की सचिव ताईंना मराठीतच टाइप करू द्या, त्यांच्या हाताला वळण आहे ते कशाला मोडता.

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. मराठी शब्दातली अक्षरं मुलांना मोजून दाखवावीत म्हणून लेंग्थ वापरलं. कापूस या शब्दाची लांबी १५ आली. मुलं हसली. (मेळघाट)

उत्तर: गुरुजी, पंधरा हे बाइट आहेत, म्हणजे कम्प्युटरच्या साठवणीचे कप्पे. क, काना, प, उकार, स असे पाच तुकडे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याला तीन बाइट. वर ताईंना सांगितलेलं 'यूज यूटीएफ८' टाकलं की उत्तर ५ येईल. मुलं तरी हसतील, कारण त्यांच्या लेखी का-पू-स तीनच. ते तीन हवे असतील तर पॅटर्नमध्ये बॅकस्लॅश आणि मोठा एक्स, तो काना-मात्रेसकट अख्खं अक्षर एकदम उचलते, किती वेळा जुळलं ते मोजा, ३ येते. छापताना वाइड कॅरेक्टर इन प्रिंट अशी कुरकुर आली तर 'बिनमोड' वापरून स्टँडर्ड आउटपुटला, म्हणजे पडद्यावर छापायच्या वाटेला, यूटीएफ-८ सांगा. त्याच शब्दाला रिव्हर्स करून पाहू नका, काना भलत्याच अक्षराला जाऊन बसते. किंवा पाहाच, मुलांना मजा येईल.

प्रश्न: मी रिटायर ग्रामसेवक, वय ६८. नातवानं पर्ल शिकवली. रोज सकाळी पर्जन्यमापकाचा आकडा प्रोग्राममध्ये टाकतो, तारीख आपोआप पडते. पण मृगाचा पाऊस मे महिन्यात दाखवून राहिला, आणि साल २०१२५! नातू पुण्याला, फोन उचलत नाही. (वरुड तालुका)

उत्तर: काका, नातू कामात असेल, आपण पाहून घेऊ. आजची तारीख देणारं 'लोकलटाइम' महिना शून्यापासून मोजते, जानेवारी शून्य, म्हणून जून पाच. आणि साल १९०० पासून किती वर्षं झाली ते देते, २०२५ साठी १२५. नातवानं त्याच्यापुढे २० चिकटवलं म्हणून २०१२५ झालं. महिन्यात १ मिळवा, सालात १९०० मिळवा, चिकटवायचं काहीच नाही. ही चूक करणारा तो पहिला नाही, १ जानेवारी २००० ला कितीतरी ठिकाणी साल १९१०० असं झळकलं होतं, कारण तेच, लोकांनी पुढे १९ चिकटवून ठेवलं होतं. डोक्याला ताप नको असेल तर 'टाइम पीस' हे मॉड्यूल, म्हणजे आधीच लिहून ठेवलेला तयार प्रोग्राम, पर्लसोबतच येते, त्यात महिना एकपासून आणि साल पूर्ण चार आकडी मिळते.

तुमचं आणखी एक दिसलं, तुम्ही विचारलं नाही तरी सांगतो. मागच्या आठवड्याचे मिलिमीटर तुम्ही प्रोग्राममध्येच हातानं लिहिले आहेत आणि रजिस्टरची सवय म्हणून पुढे शून्य लावून, ०१०, ०२५ असे. प्रोग्राममध्ये शून्यानं सुरू होणारा आकडा पर्ल आठाच्या मोजणीतला समजते, ऑक्टल म्हणतात त्याला, त्यात शून्य ते सात एवढेच आकडे, तर तुमचा दहा मिलिमीटर तिच्याकडे आठ झाला आणि पंचवीसचे एकवीस! कधी ०८ किंवा ०९ लिहिलं तर ती लगेच ओरडते, कारण त्या मोजणीत आठ आणि नऊ हे आकडेच नाहीत, पण ०१० ला गप्प. गंमत म्हणजे तेच ०१० फाइलमधून वाचलं तर ती बरोबर दहा धरते. तुमचं रजिस्टर आहे तसं ठेवा, प्रोग्राममधले शून्य तेवढे खोडा.

प्रश्न: स्वल्पविरामाच्या फायली वाचायचं मॉड्यूल लावलं तर कान्ट लोकेट टेक्स्ट सीएसव्ही येते. गावात नेट म्हणजे टेकडीवर चढा तेव्हा एक काडी, तिथून लाइन गेली की तीही नाही. मॉड्यूल टाकू कसा? (गडचिरोली जिल्हा)

उत्तर: आधी स्पेलिंग पाहा, टेक्स्टचा टी मोठा आणि सीएसव्ही तिन्ही अक्षरं मोठी. बरेचदा एवढंच असते.

स्पेलिंग बरोबर असेल तर मॉड्यूल खरंच नाही. जगभरच्या लोकांनी लिहिलेली मॉड्यूलं सीपॅन नावाच्या कोठारात आहेत, १९९५ पासून, पण तिथे जायला नेट लागते हे तुमचं म्हणणं खरंच आहे. तालुक्याला बाजाराला जाल तेव्हा पेनड्राइव्ह घेऊन जा आणि टेक्स्ट सीएसव्हीची दाबलेली फाइल तेवढी उतरवून आणा. घरी उघडली की त्यात 'लिब' नावाचं फोल्डर दिसेल, ते आपल्या प्रोग्रामच्या बाजूला ठेवा, प्रोग्रामच्या वर 'यूज लिब' आणि त्या फोल्डरचा पत्ता लिहा. एवढ्यावर चालते, कारण या मॉड्यूलमध्ये निव्वळ पर्लमध्ये लिहिलेला भाग सोबतच दिलेला आहे, कंपाइलर वगैरे लागत नाही. प्रत्येक मॉड्यूलचं असं जमत नाही, ज्यांच्यात सी भाषेतला भाग असते ती अशी नुसती उचलून ठेवली की रुसतात. डेटा डंपर, लिस्ट युटिल, पॉझिक्स ही तर पर्लसोबत आधीच आलेली असतात, त्यांच्यासाठी टेकडी चढू नका.

आणि टेक्स्ट सीएसव्ही मागवलं ते शहाणपणाचं केलं. मुनीमजींची फाइल साधी आहे म्हणून तिथे ओळ स्वल्पविरामावर तोडणाऱ्या स्प्लिटनं निभावते, पण अवतरणात स्वल्पविराम असलेला पत्ता आला की स्प्लिट त्याचे तुकडे करते.

प्रश्न: ओपन केलं तरी फाइल उघडतच नाही. फाइल तिथेच आहे, मी डोळ्यानं पाहून राहिलो. (तुमसर)

उत्तर: 'ऑर डाय' लिहून पुढे `$!` छापा, काहून उघडली नाही ते त्यात येते. तुमचा पत्ता पाहिला तर फोल्डरचं नाव तालुका आणि फाइलचं नोंद, मधात उलट्या तिरप्या रेघा आणि सगळं डबल कोटमध्ये. तिथे उलटी रेघ आणि टी मिळून टॅब होते, उलटी रेघ आणि एन मिळून नवी ओळ. तुमच्या तालुक्याचा टी टॅबमध्ये गेला आणि नोंदीचा एन एंटरमध्ये, उरलं ते शोधायला पर्ल गेली, कुठून सापडणार. सिंगल कोट वापरा किंवा सरळ तिरप्या रेघा टाका, विंडोजवरही चालतात. तरी नाहीच झालं तर फाइलच्या नावात टीएक्सटी दोनदा लागलं आहे का पाहा, विंडोज शेवटचं लपवून ठेवते.

प्रश्न: पर्ल मेली म्हणतात. पायथन शिकू का? (अचलपूर)

उत्तर: नोकरीसाठी विचारत असाल तर हो, पायथन शिका, जाहिराती तिच्याच जास्त आहेत, यात वाद घालण्यात अर्थ नाही. मेली मात्र म्हणू नका, नव्या आवृत्त्या निघून राहिल्या आहेत. पर्ल ६ म्हणून जी वेगळी भाषा चालली होती तिचं २०१९ मध्ये राकू असं नाव ठेवलं, त्यावरून लोकांचा गोंधळ होते. माझ्याकडे एक जुना लॅपटॉप आहे, लिनक्स टाकलेला, पर्ल त्यात आधीच होती, लाइन गेली तरी बॅटरीवर चाळीस मिनिटं निघतात आणि तेवढ्यात मोठ्या फाइलचा हिशोब होऊन जाते. मला पुरते.

प्रश्न: भाऊ, लय मोठी गडबड झाली. मजुरांच्या हजेरीची फाइल वाचायला प्रोग्राम लिहिला, चालवला, एरर नाही, वॉर्निंग नाही, पण काही छापलंही नाही. फाइल उघडून पाहिली तर कोरी. चार महिन्यांची हजेरी होती. परत येईल का? (मारेगाव तालुका)

उत्तर: पर्लकडून नाही येणार. खोटं कशाला सांगू.

तुम्ही ओपनमध्ये `<` च्या जागी `>` टाकलं. पहिलं वाचायचं, दुसरं लिहायचं, आणि लिहायसाठी उघडली की पर्ल आधी फाइल पूर्ण रिकामी करते, तुम्ही एक अक्षर लिहा का नका लिहू. वॉर्निंग्ज चालू असतील आणि तिच्यातून वाचायला गेलं तर ती बोलते की ही फाइल फक्त लिहायसाठी उघडली आहे, पण तोवर फाइल गेलेली असते. खाली जोडायचं असेल तर `>>`, त्यानं जुनं तसंच राहते.

आता ताबडतोब काय करायचं ते. त्या कम्प्युटरवर दुसरं काही सेव्ह करू नका. ती फाइल कधी कोणाला व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर पाठवली होती का आठवा, ठेकेदाराला, बँकेत, कोणालाही. प्रिंट काढला होता का पाहा. विंडोज असेल तर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये मागच्या आवृत्त्या दिसतात का तेही पाहा, ती सोय आधीपासून चालू असेल तरच दिसतात.

माझं स्वतःचं हेच झालं होतं, एका जिनिंगच्या अख्ख्या सीझनच्या पावत्या, तीच खूण उलटी पडली. मालकाला सांगायची हिंमत नव्हती म्हणून मुनिमाला सांगितलं. त्यानं काही न बोलता मागच्या खोलीतून पावती बुकांचं पोतं ओढत आणलं, कार्बनच्या निळ्या कॉपी सगळ्या, काही उंदरानं कुरतडलेल्या. तीन रात्री तो आकडे वाचत होता आणि मी टाइप करत होतो, एका पावतीवर वजन १८ का १३ ते शेवटपर्यंत कळलं नाही, मग त्या शेतकऱ्याला फोन लावला, तो म्हणाला अठरा, आणि आम्ही अठरा टाकलं. तुमच्या मुकादमाकडे हजेरीची वही असेल ना? आजच संध्याकाळी जाऊन मागून आणा.